तो टॉवर झिजलेला नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान 3 वर रेडिओ टॉवरचा फोटो आणि वर "झिजलेल्या पायावर मृत्यूचा मनोरा"! वाचता वाचता माझा चहा गार झाला. तुमच्या बातमीदारांनी शोध लावलाय की टॉवर खाली पेन्सिलीसारखा निमुळता "झालाय" आणि ताणाच्या तारा तुटून जागोजागी "जोडल्यात". अहो, मीडियम वेव्हचा अख्खा टॉवरच अँटेना असतो, तो जमिनीला टेकवून कसा चालेल? म्हणून सगळं वजन खालच्या टोकाखालच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर, म्हणजे वीज अडवणाऱ्या ठोकळ्यावर. तारांमधले "जोड" पण इन्सुलेटरच, तार सलग ठेवली तर तीच अँटेनासारखी वागायला लागते म्हणून मुद्दाम तुकडे करतात.

माझे वडील अशाच एका ट्रान्समीटरवर टेक्निशियन होते. या तारांना तिथे गाय वायर म्हणायचे, त्यामुळे "आज गाईचं टेन्शन बघायचंय" म्हणत ते डबा घेऊन निघाले की शेजारच्या काकू विचारायच्या, गाय कधी घेतलीत? तारेतला तडा गेलेला एक अंड्यासारखा इन्सुलेटर त्यांनी घरी आणला होता, आई पापड वाळत घालताना कपड्यावर वजन म्हणून ठेवायची. तेव्हा त्यांनी सुतळीचे दोन फास एकमेकांत अडकवून दाखवलं होतं की मधलं हे अंडं फुटलं तरी तार सुटत नाही. मी तिसरीत होतो, मला कळलं होतं.

फोटोत पायाशी एकमेकांत अडकलेली दोन मोठी कडी स्पष्ट दिसतायत, त्याबद्दल बातमीत एक अक्षर नाही! तो ट्रान्सफॉर्मर आहे, कडी एकमेकांना शिवत नाहीत तरी वरच्या लाल दिव्यांना वीज पोचते. बुडापेस्टजवळ 314 मीटरचा टॉवर आहे, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता, चातीसारखा, ताणाच्या तारा फक्त कमरेला. तो बघून तर तुमचे बातमीदार साहेब बेशुद्धच पडतील.

घाबरवायचंच असेल तर तारांवरून घाबरवा. पोलंडचा 646 मीटरचा रेडिओ टॉवर 8 ऑगस्ट 1991 ला पडला तो ताणाच्या तारा बदलताना. आपल्या टॉवरच्या तारा जमिनीत जिथे बांधल्यात तिथे गंज आहे का, झाडी वाढलीय का, हे बघायला कोणी गेलं होतं का? की रस्त्यावरूनच फोटो काढला?

आणि हो, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं सलग दुसऱ्यांदा चुकीच्या कोड्याची छापलीत. आडवे 7 ला चार चौकोन आणि उत्तर सहा अक्षरी.

आपला एक जुना वर्गणीदार