खांबाखालचं भात मागं का राहतं?

मा. जिल्हा पालकमंत्री, बेळगाव यांस,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, कन्नड प्रत सोबत जोडलीय; भाषेपायी ते बाजूला पडू नये.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. रोज पहाटे दूध घेऊन मोटारसायकलवरनं शहरातल्या शहापूरला जातो. थंडीत शिवारातनं जाताना बोटं ब्रेकवर आखडतात, आणि वडगावची घरं लागली की कानटोपी काढावीशी वाटते. दिवसभर तापलेलं सिमेंट-डांबर रात्रभर ऊब सोडत असतं. नकाशावरची हद्द एक रेघ आहे. खरं शहर मात्र असं थोडं थोडं शिवारात उतरत येतं.

आमच्या बांधाला लागून प्लॉट पडले. घर एकही नाही, पण दिवे लागले. त्या वर्षी सगळं बासमती निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या; दिव्याच्या खांबाखाली मात्र घोंगडं अंथरावं एवढा गोल हिरवागार, पोटरीतच, लोंबी अजून पानाच्या पोटातच. आधी वाटलं, युरिया जास्त पडला. मग एम.एस्सी. करणाऱ्या लेकीनं सांगितलं, भाताच्या कितीतरी जुन्या जाती रात्र लांबली की निसवतात, आणि दिव्यानं त्यांना रात्र कळतच नाही. काजव्यांचंही तेच: उजेडात त्यांची एकमेकांना दिलेली खूण दिसत नाही.

तिनंच सांगितलं, १९९० साली मॅकडोनेल आणि पिकेट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी शहरापासून खेड्यापर्यंत एक पट्टा धरून मोजमाप करायची पद्धत मांडली. न्यूयॉर्ककडच्या रानांत तसं मोजलं, तर शहरालगतच्या मातीत शिसं, तांबं जास्त निघालं. पण गांडुळंही तिथंच जास्त, आणि पालाही लवकर कुजत होता! म्हणजे अंदाजानं बोलून भागत नाही.

मुरमाच्या भरावानं पाण्याची वाट बुजली, ते वेगळंच. भातानंतर उरलेल्या ओलीवर आम्ही मसूर टाकतो; गेल्या साली कोपऱ्यात पाणीच उभं, तिफण घालणार कुठं?

मागणं फार नाही. घर उभं राहीपर्यंत रिकाम्या प्लॉटातले दिवे बंद ठेवा, पुढं लावाल ते खाली तोंड करून लावा. नवा लेआऊट मंजूर करण्याआधी पाण्याची वाट पावसाळ्यात जागेवर येऊन बघा. आणि शहरातल्या खडेबाजारापासून येळ्ळूर, पुढं खानापूरच्या जंगलापर्यंत एक पट्टा धरून ऊब, माती, पाणी, पाखरं वर्षभर मोजून घ्या. कॉलेजची पोरं हे आनंदानं करतील.

भात निसवायच्या दिवसांत या. सकाळी मी शहापुरात असतो, दहानंतर शेतावर. खांब लांबूनच दिसतो.

आपला,
येळ्ळूरचा एक शेतकरी