शिकाऊ उमेदवारीत या मुलांना आधी घ्या

बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या रोजगाराविषयी आपल्या अंकातील बातमी वाचली. अनाथांना राज्यात २०१८ मध्ये शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण मिळाले, ते योग्यच. पण बालगृहातील अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, फक्त सांभाळण्याची ऐपत नसते. त्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही, आणि १८ वर्षे पूर्ण होताच बालगृहही सुटते. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कुपवाड, मिरज औद्योगिक वसाहतींतील अशा जागांसाठी जिल्हा प्रशासनाने या मुलांची नावे आधी पाठवावीत. मात्र विद्यावेतनात खोलीभाडे आणि खानावळ दोन्ही भागत नाही. तेव्हा उमेदवारी संपेपर्यंत त्यांना अनुरक्षण गृहात, म्हणजे बालगृह सोडलेल्या तरुणांसाठीच्या निवासगृहात, राहू द्यावे. २१ वर्षांपर्यंतची तरतूद नियमांत आहेच.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली