बाबांच्या चाली

प्रिय आई-बाबा,
सलाम.

काल आई म्हणाली, "हे आताशा पेटीला हातच लावत नाहीत." मागून बाबांचा आवाज आला, "कोणासाठी वाजवू?" फोनवर बाबा मला दोन वाक्यांत गप्प करतात, म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही जन्मभर चर्चचे पाळक होता, पण खरं सांगू? तुमचा एकही उपदेश मला धड आठवत नाही. चांगलेच असणार, मंडळी माना डोलवायची. पण आजही भांडी घासताना माझ्या तोंडी येतात ती तुमची भजनं. इतरांचंही तसंच असावं. पाळकसाहेबांची आठवण निघाली की लोक कुठल्या तरी गीताची ओळ गुणगुणतात, शास्त्रपाठ कुणी सांगत नाही.

जरीपटक्याच्या कब्रस्तानातली ती मे महिन्यातली दुपार आठवते? पेटी नाही, तबला नाही, डोक्यावर छत्र्या. घाईत तुम्ही सूर फार वर धरलात. दुसऱ्या कडव्याला मंडळींचा आवाज फाटायला लागला तेव्हा आईने कुणाकडे न बघता खालचा सूर धरला, आणि सगळे हळूहळू तिच्या मागे उतरले. तुम्हीसुद्धा. घरी आल्यावर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. (आई, मी तेव्हाच ओळखलं होतं की आपल्या घरातला खरा गवई कोण.)

ओळ आधी तुम्ही म्हणायची, मग मंडळींनी, आणि उत्तरार्ध दोनदा. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. नंतर लक्षात आलं, वाचता न येणाऱ्या बाया दुसऱ्या फेरीला बरोबर गाऊ लागायच्या. गीतं लिहिणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव तुम्ही का घेत असता, तेही तेव्हा कळलं. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आपली बरीचशी गीतं परदेशी चालींवर मराठी शब्द बसवलेली होती. टिळकांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाने लिहिलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्या हाती पवित्र शास्त्र दिलं, म्हणून त्यांचं अर्धं श्रेय नागपूरला, हे तुमचं गणित मात्र मला अजून पटलेलं नाही!

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच सहा चर्च-मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा तुम्ही हिस्लॉप कॉलेजला शिकत होता. तुम्हीच सांगितलंय, की त्यानंतर एकेका गीताला तीन-तीन चाली निघाल्या आणि ज्याला त्याला आपलीच खरी वाटायची. तुम्ही भांडत बसला नाहीत, तिन्ही शिकून घेतल्यात. आपल्या घरातल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात शब्द आहेत, चाली नाहीत. त्या तुमच्या गळ्यात आहेत आणि थोड्या आईच्या. बाकी कुठे आहेत, सांगा बरं?

आता चर्चमध्ये कीबोर्ड आणि ड्रम आले, पडद्यावर शब्द दिसतात. तुमचा राग मला अर्धाच पटतो. पोरं मनापासून गातात. त्यांना जुनी चाल नको असते असं नाही, ती त्यांच्या कानावरच पडलेली नसते.

तर एवढंच करा. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, एक गीत. आई, रेकॉर्डिंग तू कर. फोन पेटीवर ठेवू नकोस, भात्याचा आवाज येतो. स्टुलावर उशी टाकून त्यावर ठेव. कूलर बंद. आधी बाबांनी गीताचा नंबर सांगायचा, चाल कुठल्या गावात, कुणाकडून शिकलो ते सांगायचं, मग गायचं. ते सांगणंही मला गाण्याइतकंच हवंय. सूर काळी दोनवरून खाली पांढरी एकवर आला म्हणून संकोच नको, उलट बरोबर गायला सोपं जाईल. आणि आई, तूही गा. मागे राहून नाही, फोनजवळ बसून.

नातू ही गीतं गिटारवर बसवायला टपून बसलाय. त्याला ठेका चुकला तर ओरडा, पण केरवा आणि दादरा या तालांतला फरक आधी एकदा समजावून सांगा.

पेटीची एक पट्टी चिकटते म्हणालात ना? दुरुस्तीचे पैसे आईच्या खात्यात टाकलेत. बाबांच्या खात्यात टाकले असते तर ते कुणाच्या तरी पोराच्या फीला गेले असते.

तुमची,
थोरली