अनामिका उचलायची नाही

पुणे,
१४ ऑगस्ट

प्रिय विनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतकी वर्षं गिटार वाजवतोस, मग आता नव्याने काय शिकतोयस?" तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर मोठं होतं. आज घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

आजवर मी गाणाऱ्यामागे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, धरत आलो. आता शिकतोय ती कॉर्ड मेलडी, आणि तिच्यात गाणारा कोणी नसतोच. चाल, तिच्याखालच्या कॉर्ड आणि जमेल तिथे बेस, म्हणजे सगळ्यांत खालचा जाड स्वर, सगळं एकाच गिटारवर. डाव्या हाताची बोटं चारच, कारण अंगठा मागे टेकलेला. चाल सगळ्यांत वर ऐकू यायला हवी, म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या तारेवर न्यायची आणि बाकीचं तिच्याखाली बसवायचं.

गेल्या वर्षी मी सुरुवातच चुकीची केली. 'ऑटम लीव्ज' या गाण्याची, फ्रेटचे (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या घरांचे) आकडे लिहिलेली तयार मांडणी मिळवली आणि तीन महिने रोज रात्री घोटली. दिवाळीत घरी मंडळी जमली. वाजवायला बसलो, दुसऱ्या ओळीत एक बोट चुकलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. चाल मला पाठ होती रे, गाऊन दाखवली असती. पण हाताला चाल ठाऊक नव्हती, नुसत्या जागा ठाऊक होत्या. त्या रात्री फार लागलं मनाला. गिटार कव्हरमध्ये गेली ती जानेवारीतच बाहेर आली.

मग आकडे बाजूला ठेवले. चाल आणि वर कॉर्डची नावं, एवढंच लिहिलेला कागद घेतला. जॅझवाले त्याला लीड शीट म्हणतात. महिनाभर नुसती चाल, गात गात. नंतर प्रत्येक बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या खंडाच्या, पहिल्या मात्रेला खाली एक बेसचा स्वर. मधले स्वर त्याच्याही नंतर. आणि तेव्हा कुठे मला हे गाणं दिसायला लागलं.

हे गाणं मुळात फ्रेंच. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जोसेफ कोस्माने १९४५ साली चाल बांधली, शब्द झाक प्रेव्हेर या कवीचे. जॅझवाल्यांनी ते असं आपलंसं केलं की आज जवळजवळ प्रत्येक शिकणारा इथूनच सुरुवात करतो. का, ते तुला पेटीवरच दाखवतो.

चाल ई, एफ शार्प, जी (पेटीवर पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच) अशी तीन पायऱ्या चढते आणि उडी मारून वरच्या सी वर थांबते. म्हणजे तुझी पांढरी एक, वरच्या सप्तकातली. ती दाबून धर. खाली पांढरी तीन आणि पांढरी पाच लाव. ही झाली ए मायनर सेव्हन. आता पांढरी एक तशीच ठेवून पांढरी तीनवरून पांढरी दोनवर ये आणि पांढरी पाचवरून काळी तीनवर. ही झाली डी सेव्हन. दोन्हींत सगळ्यांत खाली पांढरी सहा असते, पण ती हाताला लांब पडेल, सोडून दे. तिच्यावाचून काही अडत नाही.

ऐकलंस? वरचा स्वर हललाच नाही. पण ए ला सा मानलं तेव्हा तो कोमल गंधार होता, आणि डी सा झाल्याबरोबर कोमल निषाद झाला. पुढे चाल बी वर उतरते: आधी जी चा शुद्ध गंधार, मग सी चा शुद्ध निषाद. मग ए वर: एफ शार्पचा कोमल गंधार, बी चा कोमल निषाद. शेवटी जी, ई मायनरचा कोमल गंधार, आणि आठ बार संपले. गंधार, निषाद, गंधार, निषाद, पायरी पायरीने खाली. आपल्याकडे तंबोरा लागला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही, सगळं त्याच्याकडे बघून चालतं. इथे दर चार मात्रांना कोणीतरी सा बदलतंय, आणि तरीही वरचा स्वर शांतपणे उभा आहे. पहिल्यांदा हे कानाला कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

गिटारवर हे आठव्या फ्रेटजवळ येतं. अनामिका पहिल्या तारेवर सी धरते. कॉर्ड बदलताना करंगळी आणि मधलं बोट उचलायचं, तर्जनी सातव्या फ्रेटवर आडवी टाकायची, आणि अनामिका उचलायची नाही. साथीची सवय अशी की कॉर्ड बदलली की अख्खा हात उचलला जातो, आणि हात उचलला की चाल तुटते. एवढ्या एका हालचालीला मला सहा आठवडे लागले. रोज वीस मिनिटं, फक्त या दोन कॉर्ड. उजव्या हाताचं पुन्हा वेगळं: चार तारा एकदम छेडताना पहिल्या तारेला किंचित जास्त जोर, नाहीतर चाल कॉर्डमध्ये बुडते.

जो पास या अमेरिकन जॅझ गिटारवादकाची 'व्हर्च्युओसो' ऐक. १९७३ साली एकट्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलेली एलपी. आधी मला वाटायचं, हा सगळं एकाच वेळी वाजवतो. नीट ऐकल्यावर कळलं की तसं नाही. तो थोडी चाल वाजवतो, मध्ये एक कॉर्ड ठेवतो, एकेरी स्वरांची तान घेतो, बेसचे दोन स्वर टाकून परत येतो. मधलं आपला कान भरून काढतो. म्हणून मीही आता त्या तीन पायऱ्यांखाली काही वाजवत नाही. कॉर्ड येते ती फक्त सी वर.

हे सूर आपल्याला परके नाहीत, हेही सांगतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, शिकून मुंबईत आलेले वादक हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि स्टुडिओत सिनेमाची गाणी. चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांबरोबरही असायचे. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळ बांधला. आपण लहानपणी रेडिओला कान लावून जे ऐकलं, त्यातलं किती त्यांच्या हातचं होतं! त्यांची नावं आपल्याला कोणी सांगितली नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

गाणं बत्तीस बारचं. पहिले आठ परत येतात, म्हणजे सोळा झाले. उरलेले सोळा अजून चाचपडतोय. दसऱ्याला येशील तेव्हा पेटी घेऊन ये. तू चाल वाजव, मी फक्त खालचे स्वर बदलत राहीन. मग उलट करू.

तोवर आज जेवण झाल्यावर पांढरी एक धरून बघ, आणि काय ऐकू आलं ते कळव. कितीही रात्र झाली तरी फोन कर.

काकूंना नमस्कार.

तुझा,
आनंद