हवामानबदल : ‘कशावरून?’ हेही छापावे

महोदय,

हवामानबदलाच्या बातम्यांत ‘शास्त्रज्ञांचा इशारा’ ठळकपणे येतो; पण शास्त्रज्ञांना ते कशावरून कळले, हा भाग बहुधा जागेअभावी गळतो. विज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे मला ही उणीव फार जाणवते.

हवाई बेटांवरील मौना लोआ येथे अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे ३१५ रेणू होते. आज ते ४२०च्या वर गेले आहेत. हा आलेख फळ्यावर काढला की मुले आधी विचारत, की रेषेला करवतीसारखे दाते का? उत्तर गोलार्धातील वनस्पती वाढीच्या दिवसांत हा वायू शोषतात आणि पाने गळून कुजली की तो पुन्हा हवेत येतो, हे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न ठरलेला असे : मग दाते दरवर्षी वर का सरकतात? कोळसा आणि तेल प्राचीन वनस्पती व सूक्ष्मजीवांपासून बनल्याने त्यांत कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) तुलनेने कमी असतो, आणि हवेतील त्याचे प्रमाणही घटत चालले आहे; म्हणजे वाढीव वायू मुख्यतः हीच इंधने जाळल्याने येतो आहे. पृथ्वी तापण्यात दोष सूर्याचा असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. प्रत्यक्षात स्थितांबर हा वरचा थर थंड झाला आहे. एवढे समजलेल्या मुलाला ‘यावर विश्वास ठेव’ असे कधी सांगावे लागले नाही.

दुसरी विनंती शब्दांविषयी आहे. आयपीसीसी ही हवामानबदलाविषयीची आंतरसरकारी समिती स्वतः संशोधन करीत नाही, प्रसिद्ध झालेले संशोधन तपासते. तिच्या २०२१च्या अहवालावर तज्ज्ञांचे आणि सरकारांचे ७८ हजारांहून अधिक अभिप्राय आले होते. तिच्या परिभाषेत ‘शक्यता’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘दाट शक्यता’ म्हणजे किमान ९० टक्के. मानवी प्रभावामुळे पृथ्वी तापली, हे मात्र तिने निःसंदिग्ध म्हटले आहे. बातमीत या साऱ्याचे सरसकट ‘शक्यता वर्तवली’ असे होते, तेव्हा पक्के ते डळमळीत वाटू लागते, आणि शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे मान्य केलेली अनिश्चितताही वाचकापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी एखाद्या संशोधकाने वाचकांच्या प्रश्नांना उत्तर द्यावे, अशी व्यवस्था आपण करावी. हिमनद्यांचा अभ्यासक पिकांबद्दल अधिकाराने बोलेलच असे नाही, त्यामुळे प्रश्न ज्याच्या विषयातला, त्यालाच विचारला जावा. पहिला प्रश्न मीच पाठवतो : हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान कालांतराने २.५ ते ४ अंश सेल्सिअसने वाढण्याची शक्यता त्याच अहवालात दिली आहे. या दीड अंशाच्या तफावतीत ढगांचा मोठा वाटा आहे असे म्हणतात, तो नेमका कसा?

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक