आईच्या गुडघ्याची गोळी

मँचेस्टर

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईला धाप लागलेली ऐकू आली. गुऱ्हाळाच्या धुराने झाले असेल, असे तुम्ही म्हणालात आणि कोल्हापुरात सध्याच्या दिवसांत ते पटण्याजोगेही आहे. पण तासाभरापूर्वीच तिने गुडघ्यासाठी गोळी घेतली होती आणि लगोलग नाक वाहू लागले होते, हे तिने बोलण्याच्या ओघात सांगितले, तेव्हा माझ्या मनात वेगळीच शंका आली.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाकिटाचा कापलेला तुकडा आहे. त्यावर नावातली 'फेनॅक' एवढीच अक्षरे उरली आहेत. डायक्लोफेनॅक असो की ॲसिक्लोफेनॅक, दोन्ही ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनच्याच गटातली. आईसारख्या दमा असलेल्या प्रौढांपैकी शंभरात सुमारे सात जणांना ही औषधे सोसत नाहीत. शरीरातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, या औषधांनी रोखले, की ल्युकोट्रिन नावाची द्रव्ये वाढतात आणि श्वासनलिका आवळल्या जातात. म्हणून कंपनी बदलून उपयोग होत नाही. नाकात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची मऊ वाढ, असणाऱ्यांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. आईचे पॉलिप तर दोनदा काढूनही पुन्हा वाढले आणि फोडणी करपली तरी तिला वास येत नाही. इतकी वर्षे आपण या गोष्टी निरनिराळ्या समजत आलो, मीसुद्धा.

खात्री करण्यासाठी घरी पुन्हा गोळी देऊन पाहू नका. ते छातीच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. तोवर दुखले तर ५०० मिलिग्रॅमची साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण तीही त्यांना विचारून घ्यावी, आणि पाकिटावर तिच्या जोडीला दुसरे औषध नाही ना, हे भिंग लावून वाचावे. मलमाबद्दलही विचारा. तुमची हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन तुम्ही मनाने बंद करू नका, फक्त आईच्या औषधांच्या डब्यापासून दूर ठेवा. पुन्हा धाप लागली, तर इन्हेलर देऊन तिला तडक दवाखान्यात न्या. माझ्या फोनची वाट पाहू नका.

दुकानदाराकडे उरलेल्या अर्ध्या पाकिटाचा फोटो मिळाला, तर आजच पाठवा. त्यावर पूर्ण नाव असेल.

तुमची,
लेक