केमोच्या वॉर्डात झोपेची चौकशी कोण करणार?

महोदय,

कर्करोग दिनानिमित्त (4 फेब्रुवारी) आपण काढलेली पुरवणी वाचली. कुठली योजना कशाला लागू, तपासण्या कोणत्या, आहार कसा, सगळं नीट दिलं होतं. पेशंटच्या मनासाठी मात्र एक छोटी चौकट आणि तीत ‘सकारात्मक राहा’ एवढाच सल्ला. गेलं वर्षभर वहिनींच्या केमोसाठी तासगावहून मिरजेला जाणं-येणं चालू होतं, म्हणून लिहितो.

डे-केअरमध्ये सकाळी वजन होतं, बीपी घेतात, रक्ताचा रिपोर्ट बघतात. पेशी कमी भरल्या की पुढची तारीख. सिस्टर भराभर विचारतात, उलटी झाली का, जुलाब, ताप, तोंड आलंय का? विचारायलाच हवं. पण झोप लागते का, सारखं रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे कुणी विचारत नाही. केमोनंतरच्या रात्री वहिनी टक्क जाग्या असायच्या आणि दिवसा सगळ्यांच्या अंगावर यायच्या. फार नंतर कळलं की उलटी होऊ नये म्हणून केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्यानं झोप उडते, चिडचिड वाढते. आधीच कुणी सांगितलं असतं तर घरातली निम्मी भांडणं टळली असती. अर्थात सगळंच औषधामुळे नव्हतं. द्राक्षाच्या छाटणीला माणसं मिळतील का, लेकीच्या सोयरिकीत कुणी आजाराचा विषय काढेल का, हे डोक्यात असायचंच. स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दिवस तर केमोपेक्षा वाईट.

आपल्याकडे आणखी एक तऱ्हा असते, पेशंटला आजाराचं नावच सांगायचं नाही. शेजारच्या कॉटवर एका आजींना ‘साधी गाठ आहे’ म्हणून आणलं होतं. मुलगा औषधं आणायला खाली गेला तशी आजींनी वहिनींच्या डोक्यावरच्या पदराकडे बघत विचारलं, “तुमचीबी माझ्यागत साधीच गाठ हाय का?” मुलाला वाटतं आईला काही माहीत नाही. आईला वाटतं, पोराला कशाला घोर. एकमेकांजवळ रडायचीही सोय नाही.

‘सकारात्मक राहा’चा पेशंट काय अर्थ घेतो? रडलो तर आजार वाढेल, आणि उलटला तर दोष आपलाच. मन खचल्यामुळे कॅन्सर परततो याला पक्का पुरावा नाही. खचलेला माणूस तारखा चुकवतो, गोळ्या घेत नाही, हे मात्र खरं, आणि त्यावर उपचार आहेत.

खचलेलं मन ओळखायला नवं यंत्र लागत नाही. कागदावर थर्मामीटर छापलेला असतो, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्या आकड्यावर पेशंटनं खूण करायची. 4 किंवा त्याहून वर असेल तर समुपदेशकानं किंवा मनोविकारतज्ज्ञानं पुढची चौकशी करायची. जगभर कॅन्सर रुग्णालयांत ही पद्धत वापरतात. आपल्याकडे दर केमोला बीपीसोबत हा कागद पुढे करायला काय हरकत आहे? एक सावधगिरी मात्र हवी. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची काही औषधं त्याचा असर कमी करू शकतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही फायली दाखवाव्यात, मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये.

तोवर निदान ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तरी प्रत्येक वॉर्डात लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. आम्ही जायचो तिथं तंबाखूविरोधी फलक जागोजाग होते, हा नंबर कुठंच नव्हता. तो सोबत येणाऱ्यांनाही चालतो. आमचा दादा बाहेरच्या बाकड्यावर मोबाइलवर बेदाण्याचे दर बघत बसायचा, ‘मला काय धाड भरलीय’ म्हणायचा, आणि त्याचंही वजन उतरत होतं.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)